ठराव झाले; प्रवचनांचे काय?

२७ एप्रिल २०१९ रोजी कॅलिफोर्नियातील पोवे येथे एका एकोणीस वर्षांच्या तरुणाने ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात गोळीबार केला. एक स्त्री ठार झाली. हा तरुण नियमितपणे चर्चमध्ये जाणारा होता आणि आपल्या पत्रकात त्याने द्वेषाला ख्रिस्ती धर्मवचनांचा आधार दिला होता. त्याच्या पंथाने कृत्याचा निषेध केला, हे योग्यच झाले. परंतु त्याला हा आधार सापडला कोठे, हा प्रश्न निषेधाने सुटत नाही.

तो चर्चच्याच इतिहासात सापडतो. ख्रिस्ताच्या वधाचे पाप समस्त ज्यूंच्या माथी मारण्याची शिकवण शतकानुशतके दिली गेली. १२१५ च्या लॅटरन धर्मपरिषदेने ज्यूंना वेगळ्या वेषाची सक्ती केली. १५४३ मध्ये ल्यूथरने त्यांची प्रार्थनामंदिरे जाळण्याचा सल्ला दिला. आपला कोकणकिनाराही यातून सुटला नाही. ज्या किनाऱ्यावर बेने इस्राएल तेलाचे घाणे चालवीत शेजाऱ्यांत निर्धास्त नांदले, त्याच किनाऱ्यावर गोव्याच्या धर्मन्यायालयाने ज्यू वंशाच्या गार्सिया द ओर्ता या वैद्याची हाडे १५८० मध्ये उकरून जाळली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत प्रार्थनामंदिरे खरोखरच जळाली, तेव्हा बहुतेक धर्मपीठे मूक राहिली. बर्लिनचे कॅथलिक धर्मगुरू बर्नहार्ड लिख्टेनबर्ग यांनी मात्र ज्यूंसाठी उघड प्रार्थना केली. १९४१ मध्ये त्यांना अटक झाली. १९४३ मध्ये डाखाऊच्या छळछावणीकडे नेले जात असता त्यांना मृत्यू आला. त्यांचे उदाहरण एवढेच सांगते की, बोलणे अशक्य नव्हते. ते महाग होते.

युद्धानंतर, १९४५ च्या श्टुटगार्ट जाहीरनाम्यात जर्मन प्रॉटेस्टंट चर्चने अपराध कबूल केला. पण त्यात ज्यूंचा उल्लेखही नव्हता. व्हॅटिकनने वधाचा सामूहिक आरोप १९६५ मध्ये नाकारला. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या ल्यूथरन चर्चने ल्यूथरच्या ज्यूविरोधी लिखाणाचा धिक्कार केला, तोही १९९४ मध्ये. ही पावले मोलाची आहेत. परंतु ठराव परिषदेत होतात आणि मने रविवारच्या प्रवचनात घडतात. जे विष व्यासपीठावरून पेरले गेले, ते व्यासपीठावरूनच, नाव घेऊन उपटले पाहिजे.

इस्राएल सरकारच्या धोरणावर टीका करण्याचा आणि पॅलेस्टिनी जनतेच्या हक्कांसाठी लढण्याचा अधिकार आम्ही सोडणार नाही. तथापि एका राज्यसंस्थेचा जाब साऱ्या जमातीला विचारणे हा निखळ वंशद्वेष होय. भांडवलशाहीवरील राग ज्यू सावकारावर काढण्याचा मोह युरोपातील काही समाजवाद्यांनाही झाला होता. त्याला जर्मन चळवळीतच ‘मूर्खांचा समाजवाद’ म्हटले गेले. म्हणून चर्चला हा प्रश्न विचारताना साथींनी तो स्वतःलाही विचारावा: द्वेष आपल्याच घरात बोलू लागला, तर आपण त्याच दिवशी उठून उभे राहणार, की पन्नास वर्षांनी ठराव करणार?