पडद्याहून मोठी खिडकी

खिडकी भिंतीहून लहान असावयाची, हा गृहरचनेचा साधा नियम आहे. संस्कृतांत तिला ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट म्हणतात. इंग्रजी ‘विंडो’ हा शब्दहि जुन्या नॉर्स भाषेंतील ‘वाऱ्याचा डोळा’ अशा अर्थाच्या शब्दापासून आला आहे. परंतु घरोघरीं आलेल्या संगणकानें हा नियम मोडला. त्याच्या पडद्यावर उघडणारी खिडकी कधीं कधीं पडद्याहूनहि मोठी निघते. तिचा माथा दिसतो, पाय कांठाखालीं जातात. आणि ‘मान्य’ किंवा ‘सादर करा’ हें कामाचें बटण नेमकें पायाशींच असतें!

असें कां व्हावें? पडद्याचें माप बिंदूंत मोजतात. २००७ सालीं आसुस कंपनीचा ‘ई-पीसी ७०१’ हा चिमुकला संगणक निघाला. त्याच्या सात इंची पडद्यावर रुंदीस ८०० व उंचीस अवघे ४८० बिंदू होते. ज्या खिडक्या ६०० बिंदू उंचीच्या पडद्यासाठीं आंखलेल्या, त्या तेथें मावेनात. तो काळ गेला, असें कोणी म्हणेल. पण अनेक घरांतील साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ बिंदूंचा असतो. घरांतील वडील मंडळी डोळ्यांस सोसावें म्हणून सर्व कांहीं दीडपट मोठें करून घेतात. त्यासरशीं खिडक्यांच्या हिशेबीं तो पडदा सुमारें ९१० गुणिले ५१२ एवढाच उरतो. विंडोज ११ मधील खालची पट्टी त्यांतले ४८ घेते. शिल्लक राहतात ४६४. म्हणजे जुन्या ई-पीसीहूनहि कमी उंची! ज्यांची दृष्टि अधू, त्यांच्याच वांट्यास ही अडचण यावी, हें लक्षांत घेण्यासारखें आहे.

एरव्हीं ही बाब क्षुल्लक वाटेल. पण कुटुंबांत तिचे परिणाम निराळे होतात. आजोबा पेन्शनचा किंवा बँकेचा अर्ज भरीत असतात, बटण सांपडत नाहीं, आणि ते नातवास हांक मारतात. नातू घाईंत असतो. ‘आजोबा, तुम्हांला हें जमायचें नाहीं, द्या इकडे,’ असें म्हणून तो काम उरकतो. दोनचार वेळां असें झालें कीं आजोबा आपला गुप्त संकेतशब्दच त्याच्या स्वाधीन करतात, आणि पुढें संगणकास हात लावीत नाहींत. आपल्या पैशाचा व्यवहार आपल्या हातीं असणें ही म्हातारपणीं मोठी गोष्ट आहे. चार बोटें कमी पडलेल्या पडद्यासाठीं ती गमावूं नये.

उपाय सोपे आहेत. ज्या खिडकीस सरकपट्टी असते, तिची चिंता नको. पण प्रश्न विचारणाऱ्या ठराविक मापाच्या खिडकीस बहुधा ती नसते. विंडोज असल्यास ‘ऑल्ट’ दाबून ठेवून लांब आडवी ‘स्पेस’ ही कळ दाबावी. खिडकीच्या माथ्याशीं एक यादी उघडते. मग ‘एम’ दाबून वरच्या बाणाची कळ दाबीत राहावें. बहुतेक खिडक्या वर सरकतात व पाय दिसूं लागतात. बटण दृष्टीस पडतांच ‘एंटर’ दाबावें, म्हणजे खिडकी तेथें ठरते. लिनक्सच्या अनेक प्रकारांत ‘ऑल्ट’, तर कांहींत विंडोजचें चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून माउसनें खिडकी कोठेंहि धरून ओढतां येते. खालची पट्टी आपोआप लपेल अशीहि व्यवस्था करतां येते. ब्राउझरमध्यें ‘एफ ११’ दाबल्यास पान सबंध पडदा व्यापतें.

अक्षरांविषयींहि एक सुचवावेंसें वाटतें. सर्वच कायमचें मोठें करण्याऐवजीं विंडोजचें भिंग वापरून पाहावें. विंडोजच्या चिन्हाची कळ व अधिक-चिन्ह एकत्र दाबलें कीं तें उघडतें, आणि माउस जाईल तो भाग मोठा दिसतो. तीच कळ व ‘एस्केप’ दाबल्यास तें मिटतें. ह्यांत खिडकीचें मूळ माप बदलत नाहीं. म्हणून तिचे पाय तुटत नाहींत.

मात्र एक पथ्य पाळावें. बटण दिसत नसतां नुसतें ‘एंटर’ दाबूनहि पुष्कळदां काम होतें. परंतु न दिसणाऱ्या बटणावर काय लिहिलें आहे, तें कोणास ठाऊक? न वाचलेल्या कागदावर सही करण्यासारखेंच तें आहे. प्रथम बटण नजरेखालीं आणावें, वाचावें, मगच दाबावें. शंका वाटल्यास ‘एस्केप’ दाबावें. बहुधा खिडकी कांहीं न करतां मिटते.

खरी जबाबदारी अर्थात् रचना करणारांची आहे. वेबपानांविषयीं नियम सुचविणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या संस्थेनें २०१८ सालच्या नियमावलींत असें घातलें आहे कीं, मजकूर अवघ्या ३२० बिंदूंच्या रुंदींतहि आडवा सरकवावा न लागतां वाचतां आला पाहिजे. नकाशे, कोष्टकें इत्यादींचा काय तो अपवाद. हा विचार अधू दृष्टीच्या माणसासाठीं केलेला आहे. आपल्या घरांतूनहि कितीएक मुलें-मुली आज हाच व्यवसाय करतात. त्यांनीं नवी खिडकी आंखतांना एकदां ती आजीच्या लॅपटॉपवर, आजीच्या अक्षरांत उघडून पाहावी. आणि नातवंडांनीं बटण स्वतः दाबण्याऐवजीं वरच्या चार कळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पडद्याशेजारीं चिकटवाव्या. त्यास पांच मिनिटें लागतात. वडिलांचें स्वावलंबन मात्र त्यानें पुष्कळ दिवस टिकतें.