भाड्याच्या घरात केलेल्या कामाचा खर्च कुणी द्यायचा? कायदा काय सांगतो?

पुणे, ठाणे किंवा नवी मुंबईतल्या नव्या इमारतींमध्ये भाड्याने मिळणारे बरेच फ्लॅट जवळपास रिकामेच असतात. पंखे नसतात, खिडक्यांना मच्छरजाळी नसते, किचनच्या ओट्याखाली ट्रॉल्या नसतात. राहायला आलेलं कुटुंब हे सगळं हळूहळू स्वतःच्या खर्चाने करून घेतं. वाद होतो तो घर सोडताना. खर्च परत मिळणार का? बसवलेल्या वस्तू काढून नेता येतील का? की उलट भिंतीला पाडलेल्या भोकांचे पैसे डिपॉझिटमधून कापले जाणार?

थोडक्यात उत्तर असं: दुरुस्तीच्या खर्चावर काही वेळा हक्क सांगता येतो. सोयीसाठी केलेल्या सुधारणेचा खर्च मात्र मालकाने लेखी कबूल केला नसेल, तर परत मिळणं अवघड असतं.

दुरुस्ती आणि सुधारणा यात फरक काय?

छत गळतंय, पाइप फुटलाय, वायरिंग जळालंय, ही दुरुस्ती. कपाट, एसी, नव्या टाइल्स ही सुधारणा. कायदा या दोन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने बघतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे. ती त्याने टाळली, तर भाडेकरू किमान १५ दिवसांची नोटीस देऊन, वाजवी वेळ वाट पाहून स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो.

पण इथे एक मर्यादा आहे. एका वर्षात वळती होणारी रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. महिना २०,००० रुपये भाडं असेल, तर ही मर्यादा वर्षाला ६०,००० रुपये होते. जुन्या चाळीत पागडीच्या खोलीचं भाडं महिना ५०० रुपये असेल, तर फक्त १,५०० रुपये! म्हणजे दुरुस्तीची गरज जिथे सर्वात जास्त, तिथेच ही तरतूद सर्वात तोकडी पडते.

तुम्ही भाडेकरू आहात की लायसन्सी?

हा प्रश्न अनेकांच्या लक्षातच येत नाही. ११ महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर राहणारी व्यक्ती कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसते, लायसन्सी असते. भाडेकरूचे सगळे हक्क तिला आपोआप मिळत नाहीत. तिच्यासाठी करारात काय लिहिलंय, हेच सर्वात महत्त्वाचं ठरतं. आणि बहुतेक छापील करारांत 'मालकाच्या परवानगीशिवाय कोणताही बदल करणार नाही' हे वाक्य असतंच.

मालक इतके सावध का असतात, यालाही कारण आहे. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ६० नुसार, लायसन्सीने परवानगीच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायमस्वरूपी काम केलं असेल, तर मालकाला ते लायसन्स रद्द करणं अडचणीचं होऊ शकतं. त्यामुळे करारातच हा दरवाजा बंद केला जातो.

कोणतं काम केल्यास घर जाऊ शकतं?

भाडेकरूने लेखी संमतीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं, तर कलम १६ नुसार मालक घर रिकामं करून मागू शकतो. पण लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, धुराची चिमणी अशा कामांना हेच कलम कायमस्वरूपी बांधकाम मानत नाही. मात्र गरज असेल तिथे महापालिकेची परवानगी घ्यावीच लागते.

बसवलेल्या वस्तू नेता येतात का?

भाडेपट्ट्याच्या बाबतीत मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ सांगतं की, वेगळं काही ठरलं नसेल तर भाडेकरू स्वतः बसवलेल्या गोष्टी काढून नेऊ शकतो. अटी दोन: घराचा ताबा आपल्याकडे असतानाच त्या काढायच्या आणि घर मिळालं होतं त्या स्थितीत परत करायचं. किल्ली दिल्यानंतर 'गीझर राहिला' म्हणणं उशिराचं ठरतं.

मग पैसे मिळेपर्यंत घर अडवून ठेवावं का?

लायसन्सीसाठी हा मार्ग महागात पडू शकतो. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. १५,००० रुपयांच्या कपाटासाठी दोन महिने अडून बसलात, तर नुकसान कपाटाच्या किमतीपेक्षा कितीतरी मोठं होईल.

केंद्राच्या नव्या आदर्श कायद्यात काय आहे?

केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. त्यात कामांची यादीच आहे. रंगकाम, पाइप बदलणं, वायरिंग मालकाकडे; नळ, स्विच, खिडकीच्या काचा भाडेकरूकडे. घराचं डिपॉझिट जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकं. पण हा फक्त नमुना आहे. राज्याने तो स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. तरीही करार करताना ही यादी आधार म्हणून वापरता येते.

काम सुरू करण्यापूर्वी काय कराल?

- काय करणार, खर्च किती आणि तो कुणाचा, हे मालकाकडून लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा स्पष्ट होकारही तोंडी शब्दापेक्षा बरा.
- घर सोडताना वस्तू नेणार की ठेवणार, ठेवल्यास किती रक्कम मिळणार, हे आधीच ठरवा.
- कामाआधीचे आणि नंतरचे फोटो, पक्की बिलं जपून ठेवा.
- करार नोंदणीकृतच हवा. महाराष्ट्रात ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं.
- मोठं काम असेल, तर पैशांऐवजी काही महिन्यांच्या भाड्यात सवलत मागा. मालकाला खिशातून काही काढावं लागत नाही, म्हणून हे लवकर मान्य होतं.

मालकांसाठीही हेच हिताचं आहे. चांगली जाळी, चांगलं किचन पुढच्या भाडेकरूकडून जास्त भाडं मिळवून देतं. त्या फायद्यातला वाटा कुणाचा, हे भिंतीला ड्रिल लागण्याआधी ठरलं, तर डिपॉझिटवरून भांडायची वेळ येत नाही.