टायर घेताना आधी वाट बघा

गेल्या पाच-सहा वर्षांत आपल्या सातारा जिल्ह्यात फोर बाय फोर गाड्या डोळ्यांत भरण्याइतक्या वाढल्या आहेत. पूर्वी चारही चाकांना ताकद असलेली गाडी म्हणजे वन खात्याची, नाही तर धरणावरच्या साहेबांची जीप. आता ऊसवाले, पोल्ट्रीवाले, आल्याचे व्यापारी, कोयनेकाठी पर्यटकांची सोय करणारी पोरे, कोणाच्याही दारात थार, जिम्नी नाही तर गुरखा उभी दिसते. चांगली गोष्ट आहे. पण गाडी आली की महिन्याभरात कंपनीचे टायर उतरवायचे आणि मडगार्डच्या बाहेर आलेले, मोठमोठ्या गोट्यांचे टायर चढवायचे, ही जी रीत पडली आहे तिच्याविषयी चार शब्द बोलणे भाग आहे. हौसेला मोल नसते, मान्य. पण चार टायरचे बिल एका दुभत्या म्हशीच्या किमतीला जाऊन भिडते, आणि त्याच टायरवर पावसाळ्यात घरची माणसे घाट उतरतात.

पहिली गोष्ट म्हणजे चिखल-चिखलात फरक असतो. शेतकऱ्याला हे सांगायला नको. तो वाफसा बघून औत धरतो, टायर घेताना मात्र दुकानात टांगलेली नक्षी बघतो. आपल्या एका जिल्ह्यात तीन तऱ्हेच्या वाटा आहेत. कराडच्या आसपास कृष्णाकाठची खोल काळी. माण-खटावचा मुरूम आणि दगड. आणि पश्चिमेला जावळी, पाटण, महाबळेश्वरचा जांभा, तांबडी माती आणि धो धो पावसातले डांबरी घाट. या तिन्हींना एकच टायर चालेल असे सांगणारा दुकानदार एक तर नवखा असतो, नाही तर त्याला गोदामातला माल खपवायचा असतो.

टायरच्या ढोबळ तीन जाती. एचटी म्हणजे डांबरी रस्त्याचा, बारीक नक्षीचा. एमटी म्हणजे चिखलाचा, मोठ्या गोट्यांचा, दोन गोट्यांमध्ये बोटभर फट असलेला. या दोहोंच्या मधला तो एटी, थोडा इकडचा थोडा तिकडचा.

काळ्या मातीत एमटीला तोड नाही, हे आधीच कबूल केलेले बरे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि चाकाला कणकेसारखी चिकटते. बारीक नक्षीच्या फटी चार वेढ्यांत बुजतात आणि नवा टायर गोटा झालेल्या टायरसारखा घसरू लागतो. एमटीच्या रुंद फटींतून, विशेषतः कडेच्या उघड्या खाचांतून, चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला तिरपे उंच पट्टे असतात ते याच कारणाने. ज्याची वस्ती पाणंदीच्या टोकाला आहे, ज्याला आषाढ-श्रावणात रोज दूध घेऊन काळ्या रानातून बाहेर पडायचे आहे, त्याने एमटी खुशाल घ्यावा. पाणंद रस्त्यांसाठी सरकारने २०२१ साली मातोश्रींच्या नावाने योजना काढली खरी, पण रस्ता होईतोवर दूध थांबत नाही.

आता घाटाकडे या. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पसरणी, आंबेनळी, कुंभार्ली, यवतेश्वर हे सगळे घाट डांबरी. ओल्या डांबरावर पकड बसते ती रबर जमिनीला किती टेकते यावर आणि नक्षीत बारीक चिरा किती आहेत यावर. एमटीच्या गोट्या मोठ्या पण मोजक्या, त्यामुळे टेकणारे रबर कमी. बारीक चिरा बहुतेकदा नावापुरत्या. अशा टायरची गाडी ब्रेक दाबल्यावर ओल्या डांबरावर जास्त लांब जाऊन थांबते. चिखलातला वाघ घाटात शेळी होतो तो असा.

इथे एक मोठा गैरसमज आहे. "आपली फोर बाय फोर हाय, काय होतंय?" असे म्हणत भर पावसात गाडी हाणणारे आपण रोज पाहतो. अहो, चारही चाकांना ताकद आहे ती गाडी ओढायला. थांबवायला चार चाकांचे ब्रेक गावातल्या साध्या वडापलाही आहेत. उतारावर गाडी धरून ठेवते ते टायरचे रबर, बॉनेटवरचा बिल्ला नव्हे. म्हणून ज्यांची दहातली आठ फेरी डांबरावर आणि दोन फेऱ्या कच्च्या वाटेवर, त्यांनी गुमान एटी घ्यावा असे आमचे स्पष्ट मत आहे. जिल्ह्यातल्या बहुतेक गाड्या याच हिशोबात बसतात. माण-खटावच्या दगडी वाटांनाही एटीच बरा, मात्र बाजू भक्कम असलेला. तिकडे टायर तळाला क्वचित आणि बाजूला वारंवार फाटतो, आणि बाजूला फाटलेल्या टायरला पंक्चरवाल्याकडे औषध नाही. नावाआधी 'एलटी' अक्षरे असलेले टायर या कामाला जाड असतात, थोडे आदळतात एवढेच.

आता आकाराचे वेड. टायरवर २३५/७० आर १६ असे लिहिलेले असते. पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा उंचीचा टक्का, तिसरा रिंगचे इंच. जुन्या थारला हाच आकार होता. त्याची उभी उंची भरते साधारण ७३५ मिलिमीटर. त्याजागी २६५/७० आर १६ चढवला की उंची ७७७ च्या आसपास जाते. म्हणजे ४२ मिलिमीटर वाढ. गाडीचे पोट जमिनीपासून उचलले जाते ते मात्र याच्या निम्मे, २१ मिलिमीटर. दोन बोटेसुद्धा नाहीत! त्या बदल्यात काय जाते ते बघा. काट्यावर ६० दिसते तेव्हा गाडी ६३ च्या वर पळत असते. पहिल्या गिअरचा जोर कमी पडतो, क्लच लवकर जळतो, डिझेल जास्त लागते, वळताना टायर आत घासतो. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ आहेच. नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही, आणि अपघात झाला की विमा कंपनीचा माणूस आधी हेच शोधतो.

रुंद टायर चिखलात तरतो हेही अर्धेच खरे. वाळूत आणि तळ नसलेल्या गाळात रुंदीचा फायदा होतो. पण आपल्या डोंगरी वाटांवर वर चार बोटे राड आणि खाली घट्ट मुरूम किंवा जांभा असतो. तिथे अरुंद टायर राड कापून तळाला लागतो, रुंद टायर वरच्या वर तरंगत कडेला सरकतो. जुन्या जीपला ६.०० - १६ चा टायर असे, जेमतेम सहा इंच रुंदीचा. त्यावर जीप कुठे कुठे चढल्या ते म्हाताऱ्या ड्रायव्हरना विचारा. आजची जिम्नीसुद्धा १९५ च्या अरुंद टायरवर येते.

पैसे वाचवायला दोनच टायर नवे घेण्याची पद्धत साध्या गाडीला एक वेळ खपते, फोर बाय फोरला नाही. आपल्याकडच्या अशा बहुतेक गाड्यांत लिव्हर टाकला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच गतीला बांधला जातो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असले की दोन्हींचा घेर वेगळा, आणि तो फरक ट्रान्सफर केसमधले गिअर सोसतात. कोरड्या डांबरावर लिव्हर तसाच ठेवला तर हाल आणखी. तेव्हा चार घ्या, आणि स्टेपनीही त्याच आकाराची ठेवा. पिकांची करतो तशी पाचही टायरची फेरपालट दर आठ-दहा हजार किलोमीटरला केली तर सगळे सारखे झिजतात. घेताना बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. तीन-चार वर्षे गोदामात पडलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारणारे आहेत. पिकअपवाल्यांनी भाराचा आकडाही बघावा. १०० म्हणजे एका टायरला ८०० किलो, १०५ म्हणजे ९२५.

हवेविषयी एवढेच की रुतल्यावर इंजिन रेटण्यापेक्षा आठ-दहा पौंड हवा सोडून बघावी. टायर पसरतो, पकड धरतो. चाकाखाली उसाचे पाचट सारले तर आणखी बरे. मात्र डांबरावर येताच हवा भरली पाहिजे. बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत हवाच. नुसती हवा सोडून घाट उतरणाऱ्याला टायर रिंगमधून निसटल्याचा अनुभव एकदाच येतो.

हे झाले हौशी आणि गरजू मालकांचे. आमची खरी काळजी वेगळ्याच गाड्यांची आहे. आरोग्य केंद्राला, वीज दुरुस्तीला, पशुवैद्यकीय कामाला करारावर लावलेल्या गाड्या. कांदाटी खोऱ्यात किंवा कोयनेच्या वरच्या वाड्यांत रात्री बाळंतीण अडली तर हौशी पोराची सजवलेली थार तिथे नसते, ही करारावरची गाडीच असते. तिची भाड्याची निविदा सगळ्यात कमी दराला जाते, आणि कमी दर परवडवायचा सोपा मार्ग म्हणजे गोटा झालेले, नाही तर रिमोल्ड केलेले टायर. कायद्याने नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. तेवढ्या खोलीची खूण प्रत्येक टायरच्या खाचेत असते आणि ती बघायला इंजिनिअर लागत नाही. पण डोंगरात १.६ वर भागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला निदान त्याच्या दुप्पट नक्षी असावी, टायर एटी जातीचे असावेत आणि पुढचे रिमोल्ड नसावेत, एवढ्या तीन अटी निविदेत घालायला कोणाची हरकत असावी? दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठक होते. नाले, धोकादायक झाडे, होड्या यांच्या याद्या वाचल्या जातात. यंदा त्या यादीत पाटण, जावळी आणि महाबळेश्वर तालुक्यांतल्या करारावरच्या गाड्या घ्याव्यात, आणि बैठक संपल्यावर साहेबांनी आवारात उभ्या असलेल्या एखाद्या गाडीच्या टायरवर स्वतः हात फिरवून बघावा.