पुन्हा उभे राहणे

चिकाटी म्हणजे कधीही न डगमगणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. रायपूर ही कर्मभूमी मानलेल्या माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांचे जीवन वेगळेच शिकवते. घरची भाषा मराठी असूनही त्यांनी आयुष्यभर हिंदीची सेवा केली. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. पैशांअभावी ते तीन वर्षांत बंद पडले. १९०७ साली त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला. पुढच्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. आप्तांच्या आग्रहामुळे त्यांनी क्षमापत्र लिहून दिले आणि त्यांची सुटका झाली. ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. काही काळ ते विरक्त राहिले. समर्थ रामदासांच्या विचारांत त्यांनी आधार शोधला. मग त्यांनी ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, रायपुरात मुलींसाठी शाळा काढली. १९२४ साली देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

नेता निष्कलंक असावाच लागतो, असे नाही. आपली उणीव ओळखून जो हाती घेतलेले काम पुढे नेतो, त्याच्यावर समाज पुन्हा विश्वास ठेवतो. शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्यांनीही हे ध्यानात ठेवावे.