बेसवाल्याचं नाव काय?

आमच्या हिंगोलीकडे ‘बेस’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक जुना. ‘बेस झालं’ म्हणजे चांगलं झालं. दुसरा नवा, वरातीतल्या डीजेचा. गाडीवर पेट्यांची भिंत रचायची आणि आवाज असा सोडायचा की बाजारातल्या दुकानांची शटरं थरथरली पाहिजेत. हा दुसरा बेस मला अजिबात आवडत नाही, आणि कारण माझं वाढतं वय नव्हे (तेही आहेच म्हणा). कारण असं की त्यात सूर नसतो, नुसता धक्का असतो. आणि त्या धक्क्यामुळे पुष्कळ लोकांची समजूत झालीय की बेस म्हणजे व्हॉल्यूम.

तर आज लिहायचंय ते बेस या शब्दाच्या दोन्ही अर्थांनी बेस असलेल्या माणसांवर. साठच्या दशकातल्या रॉक आणि सोल संगीतातले माझे आवडते बेस गिटारवाले. यादी माझी आहे, पक्षपाती आहे, आणि त्यातला निम्मा लेख एकाच माणसावर जाणार आहे. आधीच सांगून ठेवतो.

थोडं इंजिनिअरिंग. बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की साधारण ४१ हर्ट्झचा सूर निघतो. आपण ज्यावर गाणी ऐकत मोठे झालो तो घरातला ट्रान्झिस्टर घ्या, किंवा आजचा मोबाईल. त्यांचे इवलेसे स्पीकर इतक्या खाली उतरूच शकत नाहीत. मग ऐकू काय येतं? त्या सुराचे वरचे हार्मोनिक्स. त्यावरून खालचा सूर मेंदू आपला आपण भरून काढतो. म्हणजे परभणी आकाशवाणी लावून बसलेल्या माणसाने बेस कधी ‘ऐकला’च नव्हता, अंदाजाने धरला होता. मी पहिल्यांदा बरे हेडफोन लावले तेव्हा शंभरदा ऐकलेल्या गाण्याच्या तळाशी आणखी एक गाणं चाललेलं सापडलं. तेव्हापासून हा नाद लागला.

बेसवाला करतो काय? ड्रमवाला वेळ सांभाळतो, गिटार-पियानोवाले सुरांचे गुच्छ देतात, आणि हा दोघांच्या मधे उभा राहून ठरवतो की गाणं आत्ता कुठल्या सुरावर पाय ठेवून उभं आहे. आपल्या धंद्यातल्या भाषेत, बेसवाला म्हणजे डीबीए. सगळं सुरळीत आहे तोवर त्याचं नाव कोणी विचारत नाही.

हे साठच्या दशकातच का बहरलं, यालाही कारण आहे. पूर्वी बेस म्हणजे माणसाएवढा उभा डबल बेस. ब्रास आणि ड्रमच्या गलक्यात त्याचा आवाज बुडायचा. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. गळ्यात अडकवता येणारा, विजेवर चालणारा, पट्ट्या असलेला, त्यामुळे सूर अचूक लागणारा. हत्यार पन्नाशीत आलं, पण ते वापरायचं कसं हे कळायला आणखी दहा वर्षं गेली.

आणि कळलं ते जेम्स जेमरसनला.

डेट्रॉईट म्हणजे मोटारींचं शहर. तिथे बेरी गॉर्डी नावाच्या, एकेकाळी मोटार कारखान्यात असेंब्ली लाइनवर काम केलेल्या माणसाने १९५९ साली मोटाउन ही रेकॉर्ड कंपनी काढली. एका साध्या घरात स्टुडिओ. तिथे पगारी वादकांची एक टोळी होती, फंक ब्रदर्स. गायक बदलायचे, ही टोळी तीच. सुप्रीम्स, टेम्पटेशन्स, फोर टॉप्स, मार्विन गे, पोरसवदा स्टीव्ही वंडर, सगळ्यांच्या मागे हेच लोक. आणि त्यांच्यात बेसवर जेमरसन.

हा मूळचा डबल बेसवाला, जॅझमधून आलेला. त्यामुळे इलेक्ट्रिक बेसही तो उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. त्या बोटाला ‘हुक’ म्हणायचे. तारा जाड, आणि तुटल्याशिवाय बदलायच्या नाहीत हा त्याचा नेम. तारांवरच्या मळातच मजा आहे असं त्याचं मत! (आपल्याकडे नेमकं उलट. मृदंगाच्या डाव्या पुडीला दरवेळी ताजी कणीक मळून लावायची, वाजवून झालं की खरवडून काढायची. घुमारा दोघांचाही झकास, तेव्हा यात शास्त्र कोणतं ते तुम्हीच ठरवा.)

‘माय गर्ल’ हे १९६४ चं गाणं काढा. सुरुवातीला फक्त बेस आहे. थांबत थांबत, छातीतल्या ठोक्यासारखा. एवढ्यावर गाणं ओळखू येतं. आता लगेच १९६७ चं ‘बर्नाडेट’ लावा. तोच माणूस, पण इथे बेस एका जागी थांबतच नाही. गाणारा एक वाक्य म्हणतो, हा खालून दुसरं बोलतो, मधेच ठेका चुकवल्यासारखा करतो आणि समेवर मात्र बरोबर हजर. गंमत अशी की गायकाला तो कुठेही आडवा जात नाही. साधं ते साधं आणि अवघड ते अवघड, कुठे काय लागतं हे त्याला कळत होतं. माझ्या मते हीच त्याची खरी करामत, बोटांची नव्हे.

पण मोटाउन रेकॉर्डच्या वेष्टनावर वादकांची नावं छापतच नसे. दशकभर पोरं या बेसवर नाचली, लिव्हरपूलमध्ये पॉल मॅकार्टनी त्याच्या चाली कान देऊन ऐकत होता, आणि वाजवणारा कोण हे रेकॉर्डवर कुठेच लिहिलेलं नाही. १९७१ साली मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर जेमरसनचं नाव पहिल्यांदा नीट छापून आलं. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली. तोही गेला, पण तिथे त्याचं बस्तान बसलं नाही, दारू वाढली. १९८३ मध्ये मोटाउनच्या पंचविशीच्या नावाने मोठा टीव्ही कार्यक्रम झाला. मायकल जॅक्सनने मूनवॉक केला तोच. जेमरसनला आमंत्रण नव्हतं. असं सांगतात की तो तिकीट काढून वरच्या बाल्कनीत बसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेला. वय ४७.

ही गोष्ट वाचताना मला हमखास आमच्याकडच्या अखंड हरिनाम सप्ताहाची पत्रकं आठवतात. नर्सी म्हणजे नामदेवांचं गाव आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे सप्ताहांना तोटा नाही. पत्रकावर कीर्तनकारांचे फोटो मोठे, हे खरं. पण खाली ‘गायनाचार्य’ आणि ‘मृदंगाचार्य’ अशा वेगळ्या ओळी असतात आणि तिथे प्रत्येकाचं नाव, गावासकट. बरेचदा फोटोसुद्धा. विणेकऱ्याचंही नाव असतं. चार गावांत वाटायच्या पत्रकावर डाव्या हाताने घुमारा देणाऱ्याचं नाव छापता येतं, तर लाखांनी रेकॉर्डी विकणाऱ्या कंपनीला कागद कमी पडला होता का?

औंढ्याची कथा तुम्हाला माहीत असेलच. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागच्या बाजूला गेले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. जेमरसनसाठी देऊळ फिरलं, पण तो गेल्यावर. १९८९ साली पुस्तक, २००० साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम, २००२ साली माहितीपट.

मुंबईही काही वेगळी नाही. आर. डी. बर्मनच्या गाण्यांतली बेस गिटार आपल्या हाडात भिनलेली आहे. ती वाजवणारे टोनी वाझ किंवा चरणजितसिंग ही नावं किती जणांना माहीत आहेत? तबकडीवर संगीतकार, गीतकार, गायक. बस्स.

असो. बाकीच्यांकडे वळू.

डोनाल्ड ‘डक’ डन, मेम्फिसचा. स्टॅक्स कंपनीचा स्टुडिओ एका जुन्या सिनेमा थिएटरात होता, तिथला. जेमरसन जितका बोलका, तितका हा कमी बोलणारा. ओटिस रेडिंगच्या गाण्यांत त्याचा बेस ऐका. एक सूर जास्त नाही. त्याच्या बँडमध्ये, बुकर टी. अँड द एमजीजमध्ये, दोन काळे आणि दोन गोरे, तेही वर्णभेदाने पोळलेल्या त्या दक्षिणेत. २०१२ साली तोक्योत कार्यक्रम करून झोपला तो उठलाच नाही.

मॅकार्टनीबद्दल थोडक्यात. बेस त्याच्या गळ्यात पडला तो दुसरं कोणी घेईना म्हणून. १९६९ चं ‘समथिंग’ ऐका, गाणं जॉर्ज हॅरिसनचं आहे पण खालून मॅकार्टनी जवळजवळ दुसरी चाल गातोय. ‘द हू’चा जॉन एन्टविसल मला ऐकायला कमी आणि वाचायला जास्त आवडतो. ‘माय जनरेशन’ (१९६५) मध्ये बेसचा सोलो आहे, तेव्हा हे अजबच होतं. त्यासाठीच्या बारीक तारा लंडनमध्ये सुट्या मिळेनात, म्हणून तार तुटली की गडी नवी गिटारच विकत घ्यायचा! आणि शेवटी रेकॉर्डिंग झालं ते तिसऱ्याच गिटारवर.

राहिली कॅरल के. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंमध्ये पुरुषांच्या गराड्यात बसून वाजवणारी बाई. ही मूळची जॅझ गिटारवाली. १९६३ साली एका रेकॉर्डिंगला बेसवाला आलाच नाही, हिने बेस उचलला, तो कायमचा. बीच बॉईजच्या ‘पेट साउंड्स’मध्ये (१९६६) तिचा बेस आहे, बोटांऐवजी पिकने वाजवलेला, त्यामुळे प्रत्येक सूर खणखणीत सुटा. २०२५ साली हॉल ऑफ फेमने तिचं नाव जाहीर केलं तर नव्वदीतल्या या बाईने सरळ नको म्हणून सांगितलं. स्टुडिओतलं काम सगळ्यांनी मिळून केलेलं असतं, एकट्याचा सत्कार त्यात बसत नाही, असं साधारण तिचं म्हणणं.

मला ते अर्धंच पटतं. सत्कार नको, ठीक. पण पत्रकावर नाव हवंच, आणि गावासकट हवं.