भूसंपादनाचा अधिकार नेमका कोणाकडे?

भारतात सक्तीचे भूसंपादन शासनामार्फतच होते. खासगी कंपनीसाठीही जमीन घेते ते सरकारच. अमेरिकेत मात्र राज्यांची विधिमंडळे हा अधिकार शहरे व जलपुरवठा मंडळांप्रमाणेच वीज आणि तेलवाहिनी कंपन्यांनाही देतात. त्यामुळे असा अधिकार कोणाकोणाकडे आहे, हे सामान्य जमीनमालकाला कळणे कठीण होते.

टेक्सासने यावर उपाय योजला. २०११ च्या कायद्याने अधिकारधारक संस्थांना २०१२ अखेरपर्यंत राज्याच्या कम्प्ट्रोलरकडे नोंद करणे बंधनकारक केले. नोंद न करणाऱ्यांचा अधिकार १ सप्टेंबर २०१३ पासून संपुष्टात येणार होता. २०१५ च्या कायद्याने ही माहिती सर्वांसाठी ऑनलाइन खुली झाली. कोणत्या कायद्यान्वये अधिकार मिळाला आणि मागील वर्षी तो वापरून न्यायालयात अर्ज केला का, हेही त्यात नोंदवावे लागते.

तथापि, नोंद म्हणजे पडताळणी नव्हे. डेनबरी ग्रीन या कार्बन डायऑक्साइड वाहून नेणाऱ्या कंपनीच्या प्रकरणात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये स्पष्ट केले, की अर्जातील चौकटीत खूण केल्याने अधिकार सिद्ध होत नाही. २०१७ मध्ये त्याच कंपनीच्या बाजूने निकाल लागला, पण तो पुराव्यांच्या आधारे.

यादी दावेदार दाखवते. दाव्याची सत्यता नाही. ती तपासण्याचा भार आजही जमीनमालकावरच पडतो. म्हणून टेक्सासमधील मालकाने नोटीस हाती येताच मोबदल्याच्या आधी अधिकाराविषयी विचारणे श्रेयस्कर.