यंत्रविद्या आणि जगद्व्यवहार

जालन्याच्या एका एकत्र कुटुंबांतील वडील गृहस्थांचें पत्र गेल्या महिन्यांत आम्हांस आलें. त्यांची नात बारावीची परीक्षा उत्तम गुणांनीं उतरली असून तिला अभियांत्रिकीचा प्रवेश सहज मिळण्यासारखा आहे. परंतु मुलीचें म्हणणें असें कीं, नुसती यंत्रविद्या नको. तिच्या जोडीनें जगाचें राजकारण, व्यापार, कायदा व एखादी परकी भाषा शिकविणारी संयुक्त पदवी घ्यावी, वर्ष अधिक लागलें तरी लागो. धाकटे चुलते म्हणतात, हा दोन डगरींवर पाय ठेवण्याचा प्रकार आहे. आजीबाईंचें म्हणणें, काय शिकायचें तें शिकावें, पण घरापासून फार लांब नको. मुलीचे आईबाप गप्प आहेत. आमच्या अनुभवाप्रमाणें अशा घरांत तेच अधिक चिंतेंत असतात. पत्रकर्त्यांनीं आमचें मत मागितलें आहे.

मुलगी मागते ती वस्तु काल्पनिक नाहीं, हें आधीं सांगितलें पाहिजे. अमेरिकेंतील ऱ्होड आयलंड विद्यापीठानें १९८७ सालीं अभियांत्रिकी व जर्मन भाषा यांचा पांच वर्षांचा जोड अभ्यासक्रम सुरू केला. त्यांतील विद्यार्थी एक वर्ष परदेशांत काढतो; अर्धें तेथील विद्यापीठांत व अर्धें तेथील कारखान्यांत. शेवटीं त्याच्या हातीं दोन पदव्या पडतात. पुढें या धर्तीवर निरनिराळ्या देशांत अनेक अभ्यासक्रम निघाले. त्यांपैकीं कांहींत भाषेच्या ठिकाणीं ‘जागतिक अध्ययन’ हें व्यापक नांव आलें आहे. हें नांव आम्हांस फारसें रुचत नाहीं. जगाचें अध्ययन कोण पुरें करणार? परंतु नांवाखालीं येणारे विषय मात्र सकस आहेत : अर्वाचीन इतिहास, अर्थशास्त्र, राष्ट्राराष्ट्रांमधील करार, स्थलांतर, हवामान.

व्याकरणाच्या भाषेंत बोलावयाचें तर, पाहण्याची गोष्ट ही कीं ही पदवी द्वंद्व आहे कीं तत्पुरुष. द्वंद्वांत दोन्ही पदें प्रधान असतात. तत्पुरुषांत पूर्वपद उत्तरपदाच्या दारांत उभें असतें. पुष्कळ ठिकाणीं जाहिरात द्वंद्वाची असते आणि शिकविणें तत्पुरुषाचें चालतें. यंत्रविद्येच्या तासांमधून उरलेल्या फटींत दोनचार व्याख्यानें कोंबली म्हणजे दुसरी विद्या झाली, असें समजणाऱ्या संस्थेस लांबूनच नमस्कार करावा.

आतां चुलत्यांचा आक्षेप. त्यांस उत्तर द्यावयास आम्हांस परदेशीं जाण्याचें कारण नाहीं, त्यांच्या गांवाच्या वेशीवरच तें उभें आहे. जालन्याच्या लोखंडाच्या भट्ट्यांत काय वितळतें? मुख्यतः भंगार. त्यांतील कांहीं देशांतलें, कांहीं समुद्रापलीकडून आलेलें. तें इंडक्शन भट्टींत वितळवून त्याचे बिलेट ओततात व ते लाटून सळई करतात. भंगारांत तांबें अधिक आलें तर पोलाद बिघडतें, हें अभियंता जाणतो. परंतु एखाद्या महिन्यांत भंगाराचा भाव अकस्मात् कां चढला, हें भट्टीच्या तोंडाशीं उभें राहून कळत नाहीं. जगांत सर्वांत अधिक भंगार विकत घेणारा देश तुर्कस्तान. तेथील मागणी हलली कीं भाव हलतो. तो देश काय बांधतो आहे, त्याच्या नाण्याची किंमत काय झाली, हें ज्याला समजतें त्याचा सौदा निराळा पडतो.

दुसरें उदाहरण याहून ताजें आहे. युरोपीय संघानें बाहेरून येणाऱ्या लोखंड, पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत इत्यादि मालावर, तो करतांना किती कर्बवायु हवेंत गेला त्या मानानें आकार बसविण्याचें ठरविलें. १ ऑक्टोबर २०२३ पासून आयात करणाऱ्यांकडून नुसते आंकडे मागविण्यास आरंभ झाला, आणि १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आकाराचा अंमल सुरू झाला. जालन्याची सळई बहुतेक देशांतच खपते, तेव्हां आम्हांस काय त्याचें, असें कोणी म्हणेल. पण उद्यां येथलाच एखादा कारखानदार युरोपास माल धाडूं लागला, तर माल करतांना किती कर्बवायु हवेंत गेला, हा हिशेब त्याला मांडून द्यावा लागेल. तो हिशेब यंत्रज्ञाचा आणि त्याचा अर्थ कायदेपंडिताचा. दोघांना एकमेकांची भाषा कळली नाहीं तर मध्यें दलाल येतो, व दलाल फुकट बोलत नाहीं.

बियाण्यांची कथा तर जालन्याच्या घराघरांत माहीत आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें महिको सुरू केली. १९९८ सालीं त्यांस जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीं मोन्सँटो या अमेरिकन कंपनीनें महिकोंत भाग घेतला आणि २००२ सालीं बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली. बीजांत जनुक बसविणें हीही एक प्रकारची अभियांत्रिकीच. परंतु पुढची सारी झुंज प्रयोगशाळेंत झाली नाहीं. स्वामित्वशुल्क किती, पेटंटाचा अधिकार कोठवर, हे प्रश्न सरकारी कचेऱ्यांत व न्यायालयांत लढले गेले, आणि २०१५ सालीं केंद्र सरकारनें कापसाच्या बियाण्याच्या किंमतीवर नियंत्रण घालणारा आदेश काढला. शेतकऱ्याच्या पिशवीमागचा पैसा या कागदांवर ठरत होता. त्या कागदांपाशीं बसणाऱ्यांत बीज जाणणारे व करार जाणणारे निराळे होते. दोन्ही जाणणारे थोडे. मुलगी जें मागते आहे तें याच थोड्यांत जाऊन बसणें होय.

आणि हें कांहीं नवें खूळ नव्हे. विश्वेश्वरय्या १८८३ सालीं पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांतून अभियंते होऊन बाहेर पडले. १९०८ च्या मुसा नदीच्या महापुरानंतर, जालना ज्या निजामी राज्यांत होतें त्याच्या राजधानीस वांचविण्याची योजना त्यांनींच आंखली. पण त्याआधीं १८९८ सालीं ते जपान पाहून आले होते, आणि १९३४ सालीं त्यांनीं भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. धरणें बांधणाऱ्या माणसाला अर्थशास्त्राचा ग्रंथ लिहावासा वाटला! त्यांस कोणी संयुक्त पदवी दिली नव्हती. त्यांनीं ती आयुष्य घालून मिळविली. आजच्या मुलांस तीच पांच वर्षांत मिळत असेल तर हेवा करावा, आडवें येऊं नये.

तरीही पैशाचा विचार सोडून मत देणारा माणूस एकत्र कुटुंबाचा हितकर्ता नव्हे. परदेशीं जाऊन अशी पदवी घेण्याचा खर्च मध्यम स्थितीच्या घरास झेपणारा नाहीं. एका मुलीसाठीं सामाईक शेत गहाण पडलें, तर पाठच्या चार भावंडांच्या शिक्षणाचा मार्ग खुंटतो आणि त्या मुलीच्या डोक्यावर जन्मभर उपकाराचें ओझें राहतें. शिष्यवृत्ति हातीं असल्याखेरीज ही वाट धरूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

घराजवळच्या वाटा आहेत. गोव्यांत झुआरीनगर येथें २००४ सालीं निघालेल्या पिलानीच्या बिर्ला संस्थेच्या शाखेंत अर्थशास्त्राचा विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या गुणांवर अभियांत्रिकीची दुसरी पदवी जोडून घेऊं शकतो. तेथील शुल्कही हलकें नाहीं, हें मात्र ध्यानांत असावें. सर्वांत स्वस्त मार्ग निराळाच. २०२२ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें एकाच वेळीं दोन पदव्या शिकण्यास मोकळीक दिली. तेव्हां मुलीनें अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊन करावी, आणि राज्यशास्त्र वा अर्थशास्त्राची पदवी इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाकडून किंवा नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाकडून घरीं अभ्यासून घ्यावी. मात्र आपल्या महाविद्यालयाचे नियम यास अनुकूल आहेत कीं नाहींत, हें प्रवेशापूर्वीं लेखी विचारून घ्यावें. तोंडी आश्वासनावर विसंबूं नये. आजीबाईंच्या समाधानासाठीं हेंही सांगतों कीं, मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचें मराठवाडा केंद्र २०१८ सालीं जालन्यासच निघालें आहे, आणि विद्यार्थ्यांस कारखान्यांत कामास धाडण्याची तेथें सोय आहे. नात तेथें शिकली तर रात्रीच्या जेवणास घरीं येईल.

या स्वस्त मार्गांत एक उणीव राहते. पुस्तकांतून कायदा शिकतां येतो, अर्थशास्त्र शिकतां येतें. परकी भाषा बोलणाऱ्यांत मिसळल्याखेरीज जिभेवर बसत नाहीं, आणि भाषेवांचून जगद्व्यवहाराचें ज्ञान भाषांतरकाराच्या दयेवर जगतें. म्हणून पत्रकर्त्यांस उत्तर लिहितांना आम्हीं मुलीसाठीं एक प्रश्न घालून दिला आहे : जर्मन, जपानी, अरबी, तुर्की, यांपैकीं कोणती भाषा तूं घेणार, आणि कां? तिनें तें उत्तर स्वतःच्या हातानें लिहून चुलत्यांस वाचून दाखवावें, अशी अट आहे. उत्तर आमच्याकडेही धाडण्यास सांगितलें आहे. घरच्यांची संमति असल्यास तें पुढील अंकीं देऊं.